आमचा फोन आणि आम्ही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कानपूर येथे भरलेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्येष्ठांपैकी कोणीतरी दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरविले आणि तो मान आमच्याकडे आला. विषय कोणता घ्यावा असे विचारता, 'आपणांस सुचेल तो,' असे उदार उत्तर चिटणीसांनी दिले. बिठूरचे पेशवे आणि सत्तावन्नचा संग्राम हे विषय येथे अनेकवार झाले आहेत, आणि आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी ते मांडले आहेत. आमच्या मनात मात्र गेले वर्षभर एकच विषय घर करून बसला आहे आणि तो आमच्या सदऱ्याच्या खिशात मावतो. तो विषय म्हणजे आमचा नवा फोन. चिटणीसांचे ते उदार उत्तर त्याच फोनवर आले होते आणि ते आम्हांस तीन दिवसांनी दिसले, एवढे प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

ज्या शहरात आपण बसलो आहोत त्याचा दूरध्वनीच्या इतिहासात मान आहे. मध्ये कोणी ऑपरेटर न घेता, स्वतः आकडे फिरवून परगावी बोलण्याची सोय, जिला आपण पुढे एसटीडी म्हणू लागलो, ती भारतात प्रथम झाली १९६० सालच्या नोव्हेंबरात, आणि ती झाली कानपूर व लखनौ या दोन शहरांमध्ये. आम्ही १९७२ साली सरकारी कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने येथे उतरलो, तेव्हा एका सहकाऱ्याने ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. परंतु लखनौस आमचे कोणी नव्हते. आमचे सारे होते वाईस. वाईशी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या तीन पायऱ्या, आणि पायरीगणिक दर चढत जाई. सकाळी नोंदविलेला ऑर्डिनरी कॉल संध्याकाळपर्यंत लागला तर नशीब थोर समजावे. लागला की 'हॅलो, ऐकू येतंय का?' एवढ्यातच निम्मा वेळ जाई आणि उरलेल्या वेळात सर्वांची प्रकृती विचारून होते न होते तोच तीन मिनिटे संपल्याची सूचना येई.

तो फोन तरी कोणाचा? आपल्या मंडळाच्या संस्थापकांपैकी एका गृहस्थांच्या घरी होता तो. त्यांचा नंबर आपल्यापैकी पंधरा-वीस कुटुंबांच्या पत्रांवर पुढे 'पी. पी.' अशी अक्षरे घालून लिहिलेला असे. कोणाला मुलगा झाला, कोणाच्या मुलीचे जमले, कोणाच्या घरी आजारपण आले, हे त्या घराला आधी कळे आणि मग ज्याचे त्याला. त्या दांपत्याने याबद्दल कधी कपाळाला आठी घातल्याचे आम्हांस स्मरत नाही.

१९७६ सालच्या जानेवारीत एके पहाटे, दोनच्या सुमारास, आमच्या क्वार्टरची कडी वाजली. कानपूरचे जानेवारीतले धुके आपणांस सांगावयास नको. त्या धुक्यातून ते गृहस्थ सायकलवरून चार मैल आले होते. मफलर सोडता सोडता त्यांनी सांगितले, 'वाईहून फोन होता. वडील गेले.' आम्ही निघालो, दीड दिवसाचा प्रवास करून पोहोचलो. अंत्यदर्शन झाले नाही, पण दहाव्याला घाटावर आम्ही होतो. ही आठवण आज मुद्दाम काढली आहे. तिचे कारण पुढे येईल.

पुढे आमचाही फोन आला. नाव नोंदविल्यापासून नऊ वर्षांनी, १९८९ साली, तो काळा, जड, तबकडीचा फोन घरात आला त्या दिवशी सौभाग्यवतींनी त्याला हळदकुंकू वाहिले आणि क्रोशाचे झाकण विणले. आम्ही तबकडीच्या भोकात बसणारे छोटे पितळी कुलूप आणले, कारण शेजारधर्म कितीही पाळावयाचा म्हटला तरी बिल आपल्या नावे येते. त्या फोनाला एकच काम येत असे. कोणी बोलावले की तो घरभर ऐकू जाईल असा वाजे. उचलला की लागे, ठेवला की तुटे. त्याला लागणारी वीजसुद्धा तारेतून एक्स्चेंजमधूनच येत असल्यामुळे, कानपुरात दिवे गेले तरी फोन चालू असे. परगावी स्वस्तात बोलावयाचे तर रात्री अकरानंतर बोलावे लागे. तेव्हा दर पाव होत असे, आणि थंडीत एसटीडी बूथबाहेर शाली पांघरून उभे राहिलेल्या रांगेत दोन-चार मराठी चेहरे हटकून भेटत. मीटरवरचे लाल आकडे जसे पळत तसे आपले शब्द आखूड होत.

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाले. आमच्या हाती मोबाइल आला तो २००४ साली, नोकियाचा ११००. हा फोन २००३ साली बाजारात आला आणि जगभर पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला असे सांगतात. आम्हांस त्याचे आश्चर्य वाटत नाही. बटणांवर एकसंध रबरी आवरण असल्याने धूळ आत जात नसे. डोक्यावर टॉर्च होता, आणि टॉर्चची किंमत कानपूरकरांना कळते. एकदा भारित केला की चार-पाच दिवस पाहावे लागत नसे. मुख्य म्हणजे बटण बोटाला लागत होते. अंधारात, चष्म्याविना, नुसत्या अंगठ्याने आम्ही वाईचा नंबर लावू शकत होतो. पाचाच्या बटणावरचा उंचवटा लागला की बाकीचे आकडे कोठे आहेत हे हात जाणत असे.

असो. गेल्या वर्षी पाडव्याला, आमच्या पंचाहत्तरीनिमित्त, बंगळुरास असलेल्या चिरंजीवांनी नवा फोन पाठविला. काचेची लादी म्हणावी असा गुळगुळीत, आणि किंमत अशी की आमच्या पहिल्या वर्षाच्या पगारात तसा पाव फोनही आला नसता. तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले.

पहिला प्रश्न फोन घेण्याचा. येथे 'उचलणे' हा शब्दच निरुपयोगी झाला आहे. हिरवे चिन्ह काही फोनांत दाबावयाचे असते, काहींत वर सरकवावयाचे, काहींत बाजूला. आमच्या फोनात ते वर सरकवावे लागते. आम्ही सरकवितो आणि ते ढिम्म हलत नाही. आमच्या नातीने याचे कारण सांगितले तेव्हा आम्ही थोडे वरमलो. ही काच दाबाने चालत नाही. बोटाच्या कातडीतून जो सूक्ष्म विद्युत्प्रभाव पडतो त्यावरून तिला स्पर्श कळतो. म्हातारपणी बोटे कोरडी व राठ होतात आणि काचेला ती नीट जाणवतच नाहीत. आम्ही रागाने अधिक जोरात दाबतो, त्याने काहीच साधत नाही, आणि बोट जरा अधिक वेळ टेकले की 'हा लांब स्पर्श आहे' असे समजून फोन भलतेच काही उघडतो. म्हणजे बोट आहे तरी ओळखत नाही, आणि ओळखले तर हेतू ओळखत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या मायबोलीचा. देशात विकल्या जाणाऱ्या फोनांत बावीसही भाषा वाचता याव्यात असा आदेश केंद्र सरकारने २०१६ साली काढला, ही गोष्ट स्तुत्य आहे. पण आमचा फोन कानपुरात चालू झाला आणि दुकानातल्या मुलाने देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून हिंदीचा कळफलक घालून दिला. दिवाळीच्या फराळाच्या वेळी आम्ही कोषाध्यक्षांना लिहिले की 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम द्यावी.' आपला तो अर्धा 'र' काही केल्या उमटेना. तेव्हा गेले ते 'आचार्यांना आगाऊ रक्कम द्यावी' असे. कोषाध्यक्षांचे तत्काळ उत्तर आले की कोणते आचार्य येणार आहेत, प्रवचनाचा विषय काय, आणि दक्षिणा किती ठरली? पुढे कळले की मराठीचा कळफलक वेगळा घेता येतो आणि 'ऱ्य' लिहिण्यास 'ऱ' हे निराळे अक्षर निवडावे लागते. हे आधी कळते तर मंडळाच्या इतिवृत्तात एका आचार्यांची नोंद झाली नसती.

त्याहून अनवस्था प्रसंग त्या पिवळ्या चेहऱ्यांनी आणला. आपल्यातील एक ज्येष्ठ स्नेही निवर्तले, तेव्हा आम्ही शोकसंदेश लिहून खाली दोन्ही डोळ्यांतून अश्रू वाहणारा चेहरा लावला. एक अपुरा वाटला म्हणून तीन लावले. रात्री नातीचा घाईघाईने फोन आला, 'आजोबा, तो हसून हसून रडणारा चेहरा आहे!' आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या माउली म्हणाल्या, 'राहू द्या भाऊजी, कालपासून असे चौघांनी पाठविलेत.' इतक्या दुःखात त्या क्षणभर हसल्या. तेवढे एक पुण्य त्या चेहऱ्याच्या खाती जमा आहे.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना आपण हयात आहोत हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ सालापासून आहे, आणि २०२१ सालापासून नुसता चेहरा फोनाला दाखवून घरबसल्या काम होते. ज्यांना बँकेचे जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोठी आहे. आम्ही फोनापुढे बसलो. फोन म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. आम्ही केली. चेहरा जुळत नाही, म्हणाला. चष्मा काढून पाहिले, खिडकीपाशी जाऊन पाहिले. सहाव्या खेपेस आम्ही जिवंत ठरलो. मध्यंतरीच्या अर्ध्या तासात सौभाग्यवती दोनदा डोकावून म्हणाल्या, 'मी सांगू का त्याला?'

हे सारे हसण्यावारी नेता येते. एक गोष्ट मात्र नेता येत नाही. पोलिस किंवा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून, फोनवरच 'तुम्हांला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका' असे धमकावून वृद्धांची जन्माची पुंजी लुटण्याचे प्रकार चालू आहेत. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर तो सरळ तोडावा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. लाज वाटून गप्प बसणे हेच त्या चोरांचे भांडवल आहे.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला तेथे येतो.

आमची थोरली बहीण, अक्का, वाईस असे. वय शहाऐंशी. तिच्यापाशी साधा बटणांचा फोन होता आणि भाच्याने त्यात दोनाच्या बटणावर आमचा नंबर बसवून दिला होता. दोनाचे बटण दाबून धरावयाचे की कानपूर लागे. दरवर्षी गणेश चतुर्थीच्या रात्री तिचा फोन येई. मोदकांच्या कळ्या नीट पडल्या का, तांदूळ कोणता घेतला होता, याची ती सौभाग्यवतींकडे चौकशी करी, आणि मग आमच्याशी बोले.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या संध्याकाळी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात, नेहमीप्रमाणे, फोन मूक ठेवण्याची विनंती झाली. विनंती योग्यच होती. आम्ही वरून खाली पडदा ओढला आणि शेजारी बसलेल्या एका मुलाने दाखविले त्या चंद्रकोरीच्या चिन्हावर बोट ठेवले. कार्यक्रम संपला, प्रसाद झाला, घरी आलो. चंद्रकोर तशीच राहिली. चतुर्थीस चंद्रदर्शन घेऊ नये म्हणतात. आकाशातला चंद्र आम्ही कटाक्षाने टाळला, आणि फोनातला आम्हांस दिसलाच नाही.

अक्काने साडेदहाला फोन केला. अकराला पुन्हा केला. फोन आमच्या उशाशी होता. त्याची काच उजळली असेल आणि मावळली असेल. पहाटे भाच्याने तीनदा केला, तोही वाजला नाही. अखेर साडेसहाला सौभाग्यवतींचा जुना बटणांचा फोन स्वयंपाकघरात वाजला, आणि अक्का पहाटे झोपेतच गेल्याचे आम्हांस कळले.

तिला काय बोलावयाचे होते? बहुधा मोदकांविषयीच. तिला काही होत होते असे भाच्यासही वाटले नव्हते. तो पुनःपुन्हा सांगतो की मामा, मनाला लावून घेऊ नका. पण पन्नास वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने आणलेला निरोप चार मैल धुके कापून आमच्या दारी पोहोचला, आणि आमच्या सख्ख्या बहिणीचा आवाज आमच्या उशाशी येऊन परत गेला, हे आम्ही विसरू शकत नाही.

आम्ही काही दिवस तो फोन कपाटात ठेवून दिला. नंतर विचार केला की याच फोनवर परदेशी असलेल्या धाकट्या नातवाचे पहिले पाऊल आम्ही पाहिले आहे. दोष एकट्या यंत्राचा नाही. आम्ही त्याच्यातले शंभर प्रकार शिकण्याच्या नादी लागलो, आणि फोनाचे जे पहिले कर्तव्य, म्हणजे आपले माणूस हाक मारील तेव्हा वाजणे, तेवढेच शिकावयाचे राहून गेले. मग नाताळच्या सुट्टीत नात आली तेव्हा तिच्यासमोर पाटी घेऊन बसावे तसे बसलो.

त्यातून जे उमगले ते थोडक्यात सांगतो. त्या चंद्रकोरीच्या आतही दारे आहेत. घरची पाच-सात माणसे निवडून ठेवली तर फोन मूक असतानाही त्यांचे फोन वाजतात. एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यावा, अशीही सोय असते. अक्काच्या दोन फोनांत अर्ध्या तासाचे अंतर होते, म्हणून घरच्यांची निवड आधी करावी. स्पर्श किती वेळ टेकला म्हणजे लांब समजावा, हेही वाढवून घेता येते, आणि अक्षरे मोठी करता येतात. आणि आपल्या जवळच्यांची नावे पहिल्याच पानावर चित्रांसह ठेवता येतात, म्हणजे अक्काचे दोनाचे बटण आपल्याही फोनात येते. हे सारे शिकण्यास आम्हांस दोन दुपारी लागल्या.

दोन दुपारी लागल्या त्या एका अटीमुळे. एरवी आम्ही काही विचारले की मुले म्हणतात, 'आणा इकडे,' आणि फोन हातातून घेऊन, तीन ठिकाणी टिचकी मारून, 'झालं' म्हणून परत देतात. काम होते, पण आम्ही होतो तेथेच राहतो, आणि दुसऱ्यांदा विचारण्याचा संकोच वाटतो. या वेळी आम्ही नातीला सांगितले की फोन माझ्याच हातात राहील, बोट माझेच फिरेल, तू फक्त सांग. ती चारदा चिडली. पाचव्यांदा आम्हांस जमले, आणि त्यानंतर ते जमतेच आहे.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून महिन्यातून एका रविवारी दुपारी, चहाच्या वेळी, मंडळाच्या सभागृहात तरुण सभासदांनी ज्येष्ठांशेजारी तासभर बसावे. भाषण नको, फळा नको. एका ज्येष्ठाजवळ एक तरुण, आणि नियम एकच, ज्याचा फोन त्याच्याच हातात. पहिल्या रविवारी काही शिकवावयाचे असेल तर एवढेच शिकवा की फोन वाजता कसा ठेवावा. बाकीचे सारे मागाहून.

ज्यांच्या घरी तो पहिला फोन होता ते गृहस्थ आज हयात नाहीत. पण आपल्या मंडळाचा प्रारंभ, आमच्या समजुतीप्रमाणे, घटना लिहिली गेली त्या दिवशी झाला नाही. एका घरातला फोन वीस घरांचा झाला तेव्हाच तो झाला होता. आज वीस घरांत चाळीस फोन आहेत. त्यांतला प्रत्येक फोन वेळेला वाजेल, आणि न वाजला तर कोणीतरी सायकल काढून येईल, एवढी व्यवस्था आपण टिकवू या.

आमच्या खिशातला फोन या अर्ध्या तासात मूक होता. घरच्या सात माणसांना मात्र मुभा होती. त्यांपैकी कोणाचा आला नाही, अर्थात सारे कुशल आहे.